घोंगडं मागितलं, घोंगड्यासारखं मिळालं

जितराब (धागाकर्ता)

आमचे आण्णा पंच्याहत्तरीला टेकलेत. मागच्या थंडीत म्हणाले, "एक घोंगडं आण बाबा. या तुमच्या ब्लँकेटात घाम येतो, ऊब येत नाही." त्यांनी आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही, म्हणून मनावर घेतलं.

पट्टणकोडोलीच्या यात्रेला गेलो. धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाची यात्रा, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं गाव. घोंगडं तिथं मिळणार नाही तर कुठं मिळणार? दुकानं ओळीनं लागलेली. तिसऱ्या दुकानात एक काळंभोर आवडलं, घेतलं, घरी आणून आण्णांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी एक कोपरा दोन बोटांत चोळला, नाकाला लावला आणि म्हणाले, "याला खळीचा वास नाही." पुढं एक शब्द नाही. चार दिवसांनी ते घोंगडं गाडीच्या डिकीत गेलं.

पावतीवर नंबर होता, दुकानदाराला फोन लावला. माणूस सरळ निघाला. "हातमागाचं पाहिजे असतं तर तसं सांगायचं ना साहेब. हे पानिपतचं, मिलचं. गिऱ्हाईक हेच मागतंय, हलकं आणि स्वस्त."

मग भूतच बसलं डोक्यावर. आटपाडी, माण, जत या पट्ट्यात पाहुणे आहेत, त्यांच्याकडे विचारत सुटलो.

विणकर, म्हणजे आमच्याकडचे सनगर, अजून आहेत. थोडे आहेत, म्हातारे आहेत, पण आहेत. खड्ड्याचा माग आहे, हात आहे. खोळंबा आहे तो विणण्याच्या अलीकडे. घोंगड्याला दख्खनी मेंढराची राठ, काळी लोकर लागते. पण मेंढपाळाला पैसा मिळतो मटणाचा. कातरणाऱ्याची मजुरीच लोकरीच्या भावापेक्षा जास्त पडते, म्हणून कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात. आणि कळपांत माडग्याळ जातीचं रक्त शिरलंय. उंच, बाकदार नाकाचं, वजनाला भारी जनावर, अंगावर लोकर नावापुरती. मटणाच्या हिशेबानं एक नंबर. घोंगड्याच्या हिशेबानं काही उपयोगाचं नाही.

पुढं पिंजणं. कमानीनं लोकर पिंजणारे गेले. पुढं सूत. ते घरातल्या बायका काढायच्या. सासवांनी काढलं, सुनांनी सोडलं, आणि बरंच केलं. दिवसभर चरखा फिरवून हातात काय पडायचं ते ऐकून मलाच लाज वाटली. मग खळ. चिंचोके भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे, ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) कुंच्यानं फासायचे आणि उन्हात वाळवायचं. घोंगड्याला कडकपणा येतो तो या खळीनं. आण्णा शोधत होते तो वास हाच.

एका सनगर मामांना मी विचारलं, गिऱ्हाईक कमी झालंय का? माझ्याकडे बघून हसले. "गिऱ्हाईक दारात उभं आहे की. तुम्हीच आलाय. सूत कुठाय?"

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. आपण 'कला वाचवा' म्हणतो तेव्हा प्रदर्शन, स्टॉल, वेबसाइट, जाहिरात, सगळं विकण्याच्या टोकाला करतो. दोर तर दुसऱ्याच टोकाला तुटलाय. हे घोंगड्यापुरतंच आहे की सगळीकडे? तुमच्या भागातलं सांगा. उपदेश नको, डोळ्यांनी पाहिलेलं सांगा.

फुलपात्र

"याला खळीचा वास नाही"… आजोबा आठवले. लहानपणी घोंगडं अंगाला टोचायचं म्हणून मी रडायचे. धागा वाखूत (वाचनखुणांत) टाकला आहे.

हिशेबनीस

वाईटपणा घेतो. चौथ्या हातमाग गणनेत (२०१९-२०) देशातल्या सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत निघालं. एका माणसाचं नाही, अख्ख्या घराचं. आपल्या वडिलांना खळीचा वास हवा म्हणून कुणाच्या तरी सुनेनं चरख्यावर बसावं, ही अपेक्षा मला जरा जड जाते. त्या सुना आज कुठं आहेत? शिवणकाम करत असतील, अंगणवाडीत असतील, शहरात असतील. वाईट काय झालं? पीसीओ बंद झाले तेव्हा कुणी 'पीसीओ वाचवा' म्हणालं नव्हतं.

ज्याला परवडेल तो दुप्पट-तिप्पट पैसे मोजून विकत घेईल, तेवढ्यापुरती कला राहील. बाकीची संग्रहालयात जाईल. त्यात रडण्यासारखं काय आहे, मला खरंच कळत नाही.

कान आणि अंगठा

हिशेबनीस, तुमच्याशी निम्मा सहमत. ते निम्मं आमच्या घरातूनच सांगतो.

आम्ही कोल्हापूरचे, सुभाषनगर. आजोबा आणि वडील चपला करायचे. मी बँकेत आहे. लहानपणी एकदा मी रापी (कातडं कापायचं हत्यार) हातात घेतली, तर वडिलांनी ती काढून घेऊन कानफटात दिली. पुढं कधी हात लावायची हिंमत झाली नाही. त्यांना मुलगा या कामातून बाहेर काढायचा होता आणि त्यांनी तो काढला. लोक 'परंपरा', 'वारसा' म्हणतात तेव्हा मला बरं वाटतं आणि रागही येतो. हे काम कुणी आवडीनं निवडलं नव्हतं, जन्मानं गळ्यात पडलं होतं. ज्या वाड्यांत आमच्या चपला मिरवल्या, त्या वाड्यांच्या उंबऱ्याच्या आत आमचे आजोबा कधी गेले नाहीत. ही बाजू कुठल्याच प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात छापत नाहीत.

आता उरलेलं निम्मं. जून २०२५मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आमचा अंगठा असलेली चप्पल 'लेदर सँडल' म्हणून चालवली आणि एकदम सगळा महाराष्ट्र पेटून उठला. आमच्या ग्रुपवर जे चप्पल लाईनीत (चपलांच्या दुकानांच्या ओळीत) उभं राहून "दोनशे कमी करा, नाहीतर पुढच्या दुकानात जातो" म्हणायचे, तेही रात्रीत स्वाभिमानी झाले. असो. त्याच वर्षी डिसेंबरात प्राडाचा महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, मर्यादित जोड इथं करून घ्यायचे असं ठरलं. चांगलं झालं, खोटं कशाला बोलू? जीआय (त्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येईल अशी सरकारी नोंद) तर २०१९लाच मिळालाय, महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकचे चार.

पण जितराब म्हणतात तेच आमच्याकडेही. चप्पल शिवणारे मिळतील, वेणी घालणाऱ्या बायका मिळतील, अथणी-निपाणीकडे तर अजून भरपूर. चामडं कमावणारा कुठं आहे? जुन्या पद्धतीत कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात आठवड्यांमागून आठवडे मुरवायचं. ते काम ढोर समाजाचं, आमच्याहूनही खालचं मानलेलं. वासाचं, पाण्यातलं, पाठ मोडणारं. त्यांची पोरं आमच्याही आधी बाहेर पडली. वर २०१५च्या कायद्यानं राज्यात बैलाची कत्तल बंद झाली, म्हणजे तळव्याला लागणारं जाड कातडं आणखी आटलं. आता चामडं चेन्नईकडून येतं, बरंचसं क्रोमवर, म्हणजे रसायनावर कमावलेलं. झटपट होतं, मऊ असतं, पण ती 'कर्र कर्र' नाही, आणि पायाच्या घामानं पायाचाच आकार घेणं नाही.

म्हणजे मान शिवणाऱ्याला मिळाला. कमावणाऱ्याचं नावही कुणी काढलं नाही.

कराचंही एक सांगून ठेवतो, कारण यावर कुणी बोलत नाही. १,००० रुपयांच्या आतल्या चपलेवर ५ टक्के जीएसटी होता, जानेवारी २०२२ला तो १२ झाला. सप्टेंबर २०२५ला २,५०० पर्यंतच्या जोडाला परत ५. मधली पावणेचार वर्षं मशीनच्या चपलेला आणि हातच्या चपलेला एकच तराजू.

हिशेबनीस

कान आणि अंगठा, थोबाडीत बसली आणि बरं वाटलं. 'जन्मानं गळ्यात पडलं' याच्यापुढं माझा पीसीओ अगदीच पोरकट होता. पण मग एक प्रश्न उरतो. जातीनं बांधलेलं काम जात सैल झाल्यावर कोण करणार? पगार देऊन कुणीही करेल, असा पगार त्यात आहे का?

कान आणि अंगठा

तोच तर मुद्दा. पगार असता तर वडिलांनी मारलं नसतं.

आडवा धागा

येवल्याहून लिहितोय. आमची गोष्ट जरा उलटी आहे.

आमच्याकडे सूत तुटलेलं नाही. रेशीम बंगळूरचं, जर सुरतेची, रोख पैसे टाकले की दोन्ही हजर. रंगारी आहे. गिऱ्हाईक तर विचारूच नका. टीव्हीवर वहिनींना पैठणी मिळायला लागल्यापासून प्रत्येक लग्नात पैठणी लागते. तुटलंय ते नाव. 'पैठणी' म्हणून आज जेवढ्या साड्या विकल्या जातात त्यातल्या हातमागावरच्या किती, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. बाकी सगळी 'सेमी'. यंत्रमागावर निघते, पदरावर मोर, काठावर नारळी, फोटोत तर आमच्याहून उजळ दिसते.

मागच्या लग्नसराईत एक ताई आल्या. मोबाइल पुढं केला, "हीच ऑनलाइन तीन हजाराला आहे, तुम्ही एवढे कसे सांगता?" मी म्हटलं, ताई, तीन हजाराची घरी आली की उलटी करून बघा. आणि मागावरची उलटी करून दाखवली. हातच्या पैठणीत पदरावरचा मोर दोन्ही अंगांनी सारखा दिसतो, कारण प्रत्येक रंगाची कांडी वेगळी आणि धागा त्या-त्या रंगाच्या हद्दीतच वळतो, शेजारच्या धाग्यात अडकून परत फिरतो. यंत्राच्या साडीत मागच्या बाजूला धागे लोंबतात, नाहीतर कापलेले दिसतात. ताईंनी बराच वेळ हात फिरवला. घेतली नाही. बजेट नव्हतं, त्यात त्यांची चूक नाही. पण जाताना म्हणाल्या, "मग त्याला पैठणी का म्हणू देतात हो?"

हा सवाल मी दोन वेळा कचेरीत विचारून आलोय. १९८५चा कायदा आहे, काही वस्तू फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा. सुरुवातीला यादीत २२ वस्तू होत्या, पुढं ११ उरल्या. साडी अजून त्यात आहे. २०१०पासून पैठणीला जीआय आहे. कागद सगळे आहेत. पण भरबाजारात उभं राहून "ही सेमी आहे, पैठणी म्हणून विकू नका" असं सांगणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. जीआयचा बोर्ड दुकानदार लावतो आणि बोर्डाखाली दोन्ही विकतो.

जितराब, तुम्ही म्हणता विकण्याच्या टोकाला सगळे जमतात. आमच्याकडे विकण्याच्या टोकालाच चोरी आहे. त्यातही विणकर बहुतेक शेठच्या मागावर मजुरीनं बसलेला. साडीला महिना लागो की सहा महिने, वाढलेला भाव त्याच्यापर्यंत झिरपत झिरपत येतो. कधी येतच नाही.

जितराब

आडवा धागा, म्हणजे माझं गृहीतक अर्धंच खरं. चालेल, पडू दे. लिहीत राहा सगळे.

पांगारा

सावंतवाडी. आमच्या चितारआळीत आलात तर लाकडाची आंबे-केळी, भातुकली, पाट, बघून डोळे निवतील. पण दुकानात विचारून घ्या, यातलं इथं केलेलं कुठलं. सरळ सांगणारे दुकानदार आहेत, नुसते हसणारेही आहेत. मी मुद्दाम माझ्या नावाला झाड घेतलंय. खेळण्याला पांगारा लागतो, हलका आणि मऊ, पटकन कोरला जातो. तो आता सहज मिळत नाही, कारण इमारतीला आणि जळणाला फारसा उपयोगाचा नाही म्हणून कुणी लावत नाही. जितराबांच्या लोकरीसारखंच की नाही?

गंजिफाचं मात्र वेगळं घडलं, ते सांगायलाच हवं. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा. खेळणारे तर संपलेच होते, रंगवणारेही जवळजवळ संपले होते. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ती विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. राजवाड्यानं उचलून धरलं म्हणून जगली. प्रत्येक कलेला राजवाडा कुठून आणायचा?

आणि आता खेळ कुणी खेळत नाहीच. लोक फ्रेम करून भिंतीला लावतात. कला जगली, खेळ मेला. हे जगणं मोजायचं की नाही, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

एक कामाची गोष्ट. जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. चिनी प्लास्टिक रोखायला चांगला नियम, पण आळीतल्या माणसाला ते चाचण्यांचे खर्च कुठून झेपणार? हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि जीआय वस्तूंना त्यातून सूट दिलेली आहे. कित्येकांना हे माहीतच नव्हतं, काहींनी घाबरून लहान मुलांची खेळणी करणंच सोडलं आणि शोपीसकडे वळले. तुमच्या ओळखीत कुणी खेळणी करत असेल तर आधी कारागीर ओळखपत्र, ते 'पहचान कार्ड', काढायला सांगा.

सुपातली

मी बांबूचं काम करणाऱ्या बायकांच्या गटाबरोबर आठ वर्षं प्रदर्शनं फिरते. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं काम. स्टॉलच्या टेबलामागून जग कसं दिसतं ते सांगते.

पहिला दिवस उद्घाटनाचा. पाहुणे येतात, आमच्या बाईच्या हातातलं सूप घेतात, फोटो काढतात, सूप परत ठेवतात. दुसऱ्या दिवशी लोक "वा, किती छान, घरी शिकवता का?" विचारतात. शनिवार-रविवार खरी विक्री. आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी येतात ते खास गिऱ्हाईक. "आता परत न्यायचंच आहे तर अर्ध्यात द्या." एकदा आमची बाई शांतपणे म्हणाली, "परत न्यायचंय ते माह्या घरी न्यायचंय ना, तुमच्या घरी काऊन?" टाळ्या वाजल्या. विक्री झाली नाही.

गाडीभाडं, जेवण, राहणं, स्टॉलचं भाडं धरलं तर कित्येकदा बरोबरीत सुटतो. बायकांची घरून दहा दिवसांची सुट्टी हाच नफा, असं त्याच म्हणतात आणि हसतात. त्या हसण्यात दम आहे, त्यावर वेगळा धागा होईल.

तरी कच्च्या मालाबद्दल थोडी चांगली बातमी. बांबू कायद्यानं 'झाड' होता, म्हणजे स्वतःच्या धुऱ्यावरचा (शेताच्या बांधावरचा) तोडून नेतानाही परवान्याची भानगड. लेखा-मेंढा गावाला २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती मिळालं, तेव्हा आमच्याकडे सणासारखं वाटलं होतं. २०१७ला कायदा बदलला, जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' राहिला नाही. याचा फरक मी डोळ्यांनी पाहिलाय. कुठल्याही प्रदर्शनानं झाला नाही एवढा एका शब्दाच्या बदलानं झाला. चिचपल्लीला प्रशिक्षण केंद्र आहे, मेळघाटात लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्राचं काम आहे, तिथल्या राख्या गावोगाव जातात.

पण बघा, राखी विकते, सूप विकत नाही. सूप प्लास्टिकचं आलं आणि पाखडायचं धान्यच घरात येईनासं झालं. आम्ही आता सुपाची लहान प्रतिकृती करतो, भिंतीला लावायला. पांगारा यांचा प्रश्न आमचाही.

फुलपात्र

सुपातली, "तुमच्या घरी काऊन" वर लोटपोट. पण मी स्वतः शेवटच्या दिवशी जाणाऱ्यांतली आहे. यापुढं रविवारी सकाळी.

हिशेबनीस

एक गोष्ट लक्षात आली. लोकर, चामडं, पांगारा, बांबू. जिथं कायद्यातला एक शब्द बदलला तिथं माल आला. जिथं बाजारानंच जनावर बदललं तिथं काय करणार? धनगरांना सांगणार का, माडग्याळ सोडा आणि तोट्यात दख्खनी पाळा?

जितराब

नाही सांगणार. सांगायला तोंड नाही.

पण झालं ते लिहितो. मामेभावाच्या ओळखीत एका मेंढपाळाकडे अजून दख्खनीचा लहान कळप आहे. त्याला विचारलं, लोकर टाकू नकोस, मी घेतो, बोल किती? तो आधी चेष्टा समजला. टाकायच्या लोकरीला कुणी भाव विचारतंय हेच त्याला पटेना. शेवटी कातरणाऱ्याची मजुरी मी द्यायची असं ठरलं. दोन पोती भरली. एका घोंगड्याला एवढी लागत नाही, पण निवडून, झाडून, काटेकुसळं काढून बरीच कमी होते म्हणाले.

पिंजायला माणूस मिळाला नाही. गादीवाल्याच्या मशीनवर करून बघितली, सनगर मामांनी हातात धरून तोंड वाकडं केलं, "तंतू तुटलाय, पण चालवून घेऊ." सूत काढायला त्यांच्याच गल्लीतल्या एक आजी तयार झाल्या. सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी मजुरी सांगितली, मी तिप्पट सांगितली, तर त्या रागावल्या. "उपकार करतोयस का?" शेवटी दुपटीवर तोड झाली. (हिशेबनीस, पगाराचं गणित कागदावर सोपं आहे. समोर बसलं की नाही.)

दोनएक किलो सूत निघालं आणि आजींना दिसेनासं झालं. मोतीबिंदू. मागच्या आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर धुळीत बसायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि लोकरीची धूळ तर डोळ्यात जाणारच. त्यानंतर पाऊस सुरू होतो. मामा म्हणतात, पावसात ताण्याला खळ लावली तर वाळत नाही, कुबट वास येतो. म्हणजे दसऱ्याच्या आत काही नाही.

आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "थांबू की. म्हातारीला म्हणावं डोळे सांभाळ."

कान आणि अंगठा

ती दोन पोती पुरतील का बघा. उरली तर टाकू नका. मला एक घोंगडं हवंय, वडिलांसाठी. आगाऊ पैसे कुणाला द्यायचे, मामांना की आजींना?

जितराब

आजींना. मामांचं नंतर. व्यनि (खाजगी निरोप) करतो.